शाळेच्या कपाटात पाना कोणता असावा?



आपल्या शाळेची साठा नोंदवही एकदा उघडून बघा. वजनकाटा आहे, उंची मोजायची पट्टी आहे, ध्वज आहे, प्रथमोपचार पेटी आहे, गणित पेटी आहे, कधीकाळी आलेली आणि आता बंद पडलेली दोन-तीन यंत्रंही आहेत. आता त्यात नळ खोलायचा पाना कुठे लिहिलाय का ते शोधा. बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. नळ मात्र प्रत्येक शाळेत आहेत. हात धुण्याच्या जागी ओळीने पाच-सहा, मुलांच्या स्वच्छतागृहात एक-दोन, मुलींच्या स्वच्छतागृहात एक-दोन, पोषण आहार शिजतो तिथे एक. घरी तरी काय वेगळं आहे? बाथरूममध्ये दोन हजारांचा नळ बसवतो आणि तो खोलायची वेळ आली की शेजारच्या काकांकडे पक्कड मागायला जातो.

माझं मत असं आहे की प्रत्येक प्राथमिक शाळेत नळ काढण्या-बसवण्याची चार-पाच हत्यारं असावीत, ती नीट निवडून घेतलेली असावीत, आणि ती मुलांच्या हातातही पडावीत. "नीट निवडून" या दोन शब्दांवर माझा जास्त भर आहे. कारण चुकीच्या पान्याने होणारं नुकसान गळक्या नळापेक्षा मोठं असतं.

आमच्या भागातल्या एका शाळेत काय झालं ते सांगते. मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ गळत होता. नळ प्लास्टिकचा, म्हणजे दुकानदार ज्याला पीटीएमटी म्हणतात तसला. पितळी नळ सुट्टीत चोरीला जातात म्हणून हल्ली बऱ्याच शाळा हाच बसवतात. गावातला एक भला माणूस मदतीला आला. त्याच्याकडे होता मोठा पाईप पाना, विहिरीवरच्या मोटारीच्या लोखंडी पाईपसाठीचा. एकच झटका दिला आणि नळ मानेत तुटला. आट्यांचा तुकडा भिंतीतल्या एल्बोत अडकून राहिला. मग छिन्नी, मग हातोडी, मग एल्बोला चीर, मग टाइल फोडणं. त्या लाइनचं पाणी बंद करावं लागलं. पाणी नाही म्हणून स्वच्छतागृहाला कुलूप लागलं, ते जवळजवळ तीन आठवडे. मी त्या माणसाला अजिबात दोष देत नाही. तो आपलं काम टाकून, एक पैसाही न घेता आला होता. त्याच्या हातात हत्यार चुकीचं होतं, एवढंच.

पण त्या तीन आठवड्यांत पाचवी ते सातवीच्या मुलींनी काय केलं असेल? कुणाही शिक्षिकेला विचारा. सकाळपासून पाणी पीत नाहीत. बाटली घरून भरून आणतात आणि तशीच भरलेली परत नेतात. काही जणी मधल्या सुट्टीत घरी जातात, त्यातल्या काही परत येतच नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी लिहिलेलं आहे. कागदावर त्या शाळेत दोन्ही होतं. हजेरीपत्रकावर गैरहजेरी दिसते, तिचं कारण अर्धा इंच नळ आहे हे दिसत नाही.

म्हणून आता पान्यांविषयी सविस्तर बोलू.

हार्डवेअरच्या दुकानात "नळ खोलायला पाना द्या" म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा पाईप पाना पुढे करतो. दिसायला दणकट असतो, आपल्यालाही बरा वाटतो. त्याच्या जबड्यांना करवतीसारखे दात असतात. तो बनवलाय गोल लोखंडी पाईप पकडण्यासाठी. गोल वस्तूला सपाट बाजू नसते, म्हणून दात रुतवूनच पकड घ्यावी लागते, आणि त्याची रचना अशी असते की जितका जोर लावाल तितका जबडा आवळत जातो. लोखंडी पाईपला हे मानवतं. पितळी नळावर मात्र ओरखडे उमटतात, वरचा क्रोमचा मुलामा निघतो. प्लास्टिकच्या नळाचा तर गळाच दाबला जातो. त्यामुळे शाळेसाठी एकच पाना घ्यायचा असेल तर हा घेऊ नका.

घ्यायचा तो स्क्रू पाना. काही दुकानांत त्याला नुसतं "ॲडजस्टेबल" म्हणतात. अंगठ्याने चाक फिरवलं की जबडा कमी-जास्त उघडतो. दोन्ही जबडे सपाट आणि एकमेकांना समांतर असतात, दात नसतात. भिंतीतल्या बहुतेक नळांना मानेजवळ, आट्यांच्या जरा अलीकडे, चौकोनी किंवा षटकोनी भाग दिलेला असतो. तो याच पान्यासाठी असतो. सपाट जबडा सपाट बाजूवर बसतो, रुतत नाही, घसरत नाही. तरीही क्रोम चमकदार असेल तर मध्ये जुन्या सुती कापडाचा एक पदर घालावा.

माप कोणतं? माझ्या मते दहा इंची. हे इंच पान्याच्या लांबीचे असतात, उघडण्याचे नव्हेत. इथे बरेच जण फसतात. दहा इंची पान्याचा जबडा साधारण २८ ते ३० मिलिमीटर उघडतो आणि नेहमीच्या अर्धा इंची नळाचं काम त्यात निघतं. सहा इंची घेतला तर तो पुरेसा उघडत नाही आणि दांडा आखूड असल्याने जोरही जास्त लावावा लागतो. बारा इंची घेतला तर उलट भीती, लांब दांड्यामुळे आपल्या नकळत फार ताकद पडते आणि नळ मोडतो. तरफेचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर भार, टेकू, बल काढतो. तोच पाठ इथे हातात मिळतो: दांडा टोकाशी धरून फिरवा आणि मग जबड्याजवळ धरून फिरवा. तिसरीतल्या मुलालाही फरक कळतो.

दुकानात पाना विकत घेताना दोन गोष्टी तपासा. जबडे पूर्ण बंद करून पाना उजेडासमोर धरा, फटीतून प्रकाश तिरपा दिसला तर जबडे समांतर नाहीत. मग थोडा उघडून हलता जबडा बोटाने हलवून बघा. थोडी ढिलाई सगळ्यांत असते, पण खडखड वाजत असेल तर तो पाना नळाच्या कडा खाणार. स्वस्तातला नको, पण फार महागडाही नको, शाळेत तो वर्षातून दहा-बारा वेळाच निघणार आहे.

वापरताना एक नियम. जोर नेहमी न हलणाऱ्या जबड्यावर आला पाहिजे. म्हणजे हलता जबडा ज्या बाजूला आहे त्या दिशेला पाना फिरवायचा. उलट फिरवला की हलता जबडा ताणला जातो, पाना ढिला होतो आणि बोटं भिंतीवर आपटतात. मी कितीतरी घरांत लोकांना पाना उलटा धरून "हा पानाच बेकार आहे" म्हणताना ऐकलंय.

आता दुसरं हत्यार. लोक म्हणतात, एक पाना घेतला, झालं. तसं नाही. पाईप उघड्यावर असेल, म्हणजे भिंतीच्या बाहेरून गेलेला असेल, तर नळ फिरवताना त्याच्या मागचा एल्बो दुसऱ्या कशाने तरी धरून ठेवावा लागतो. नाहीतर नळाबरोबर एल्बोही फिरतो आणि गळती एका जागेवरून दोन जागी जाते. शाळांमधल्या हात धुण्याच्या जागा बहुतेक अशाच, उघड्या पाईपच्या असतात. त्यासाठी वॉटर पंप प्लायर घ्यावं. लांब दांड्यांची, तिरक्या तोंडाची पक्कड असते ती, आणि तिचं तोंड टप्प्याटप्प्याने मोठं करता येतं. तिलाही दात असतात, पण आपण ती फिरवायला वापरत नाही, फक्त धरून ठेवायला. प्लास्टिकच्या एल्बोवर कापड गुंडाळून हलक्या हाताने. शाळा जुनी असेल आणि पाईप लोखंडी असतील तर एल्बो धरायला पाईप पाना चालतो. तिथे त्याचं खरं काम आहे, तेवढ्यापुरता कुणाकडून मागून आणा.

काही नळांना मानेजवळ सपाट भागच नसतो, सगळं गोल आणि गुळगुळीत. अशा वेळी नळाच्या तोंडात पक्कडीचा दांडा घालून फिरवायची पद्धत गावोगाव दिसते. कृपा करून ते करू नका. तोंड वाकतं किंवा तडकतं. त्यासाठी रबरी किंवा कापडी पट्ट्याचा पाना मिळतो. पट्टा नळाभोवती आवळून बसतो आणि खूण न पाडता फिरवतो. शाळेला तो लागेलच असं नाही. घरी महागडे नळ असतील तर पालकांनी जरूर विचार करावा.

घरच्या बेसिनची गोष्ट वेगळीच आहे. बेसिनवर उभा असतो तो नळ, प्लंबर त्याला पिलर कॉक म्हणतात, तो वरून खोलताच येत नाही. त्याची चाकी बेसिनच्या खाली, भिंतीला चिकटून, अंधारात असते. तिथे स्क्रू पाना फिरवायला जागा नसते, जेमतेम एक अष्टमांश फेरा मिळतो. म्हणून बेसिन रिंच नावाचं हत्यार असतं: हातभर लांब दांडा, वर आडवा वळणारा जबडा, खाली धरायला आडवी दांडी. पाठीवर झोपून, खालून वर, विहिरीतून बादली काढल्यासारखं काम. भाड्याच्या घरात एका नळासाठी हे विकत घेण्यात अर्थ नाही. सोसायटीत किंवा वाड्यात चार कुटुंबांनी मिळून एक घ्यावं. आणि बसवताना चाकी हाताने घट्ट झाल्यावर पान्याने थोडंसंच आवळा. चिनी मातीचं बेसिन आधी सूचना देऊन तडकत नाही.

आता गंमत अशी की निम्म्या वेळा नळ काढावाच लागत नाही. पाणी कुठून गळतंय ते आधी बघा. नळ बंद केल्यावरही तोंडातून थेंब येत असेल तर दोष आतल्या वायसरचा किंवा स्पिंडलचा. मूठ काढायची, आतला भाग काढायचा, वायसर बदलायचा. नळ भिंतीतच राहतो. मूठ काढायला आधी वरचं लाल-निळं बटण चपट्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचकटावं लागतं, खाली चौफुलीचा स्क्रू असतो. काही नळांत मुठीच्या बाजूला बारीक भोक असतं आणि आत षटकोनी खाचेचा स्क्रू. त्याला ॲलन की लागते. म्हणून बदलत्या टोकांचा एक स्क्रू ड्रायव्हर आणि ॲलन कीचा लहान संच, हे तिसरं आणि चौथं हत्यार. पाव फेऱ्यात उघडणारे नवे नळ असतील तर त्यात रबरी वायसर नसतो, दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. तिथे अख्खा स्पिंडल बदलावा लागतो, आणि तो घ्यायला जाताना जुना खिशात घालून न्यावा.

भिंतीजवळ, आट्यांतून पाणी झिरपत असेल तरच नळ काढायचा. आणि पाणी कमी येतंय म्हणून नळ बदलायला निघाला असाल तर थांबा, तोंडाची जाळी काढून बघा. बोअरच्या पाण्याच्या गावांत क्षारांनी ती बुजलेली असते. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली की मोकळी होते.

पाचवी वस्तू हत्यार नाही, पण तिच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ: टेफ्लॉन टेप. नळाच्या आट्यांवर ती कोणत्या दिशेने गुंडाळायची यावर सगळं अवलंबून आहे. आट्यांचं टोक आपल्याकडे करून धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, जरा ताणून, पहिला आटा मोकळा ठेवून. उलट गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटत जाते. बाजारात मिळणारी टेप पातळ असते, तेव्हा दोन-तीन वेढ्यांनी भागत नाही, मी दहाएक देते. मग नळ आधी हाताने लावायचा, दोन-तीन फेरे सहज गेले पाहिजेत. पहिल्याच फेऱ्याला अडलं तर आटे तिरपे चढतायत, लगेच काढून पुन्हा लावा. पान्याने दामटलं तर एल्बोचे आटे जातात. आणि शेवटी नळाचं तोंड खाली यायच्या ऐवजी थोडं पुढे गेलं, तर मागे फिरवू नका. टेपची पकड तिथेच सुटते. पूर्ण काढा, नवी टेप लावा.

आता तुमच्यातले बरेच जण मनात काय म्हणत असतील ते मला माहीत आहे. सर्वेक्षणं आम्ही करायची, ऑनलाइन माहिती आम्ही भरायची, निवडणुकीचं काम आम्ही करायचं, आणि आता नळही आम्हीच दुरुस्त करायचे? अशैक्षणिक कामांबद्दलचा हा राग खरा आहे, आणि मीही त्यात आहे. शिक्षकाने प्लंबर व्हावं असं मी म्हणत नाहीये. भिंतीच्या आत दडलेले मिक्सर, गीझरची जोडणी, एल्बोत तुटलेला तुकडा, ही कामं ज्याची त्यानेच करावीत. आयटीआयमध्ये प्लंबरचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, ते कसब आहे आणि त्याचे पैसे द्यायला हवेत. पण तालुक्याचा प्लंबर एका वायसरसाठी वीस किलोमीटर येत नाही. आलाच तर वायसरच्या दसपट मजुरी आणि पेट्रोल. म्हणून तो नळ गळतच राहतो, मग कुणीतरी त्याला दोरी बांधतं, मग तो मोडतो. मधल्या या जागेत शाळेकडे योग्य पाना असला तर गावातला कुणीही जाणता पालक दहा मिनिटांत काम करून देतो. शिक्षकाने हात लावलाच पाहिजे असं नाही. हत्यार शाळेचं असलं पाहिजे, म्हणजे कुणी काय आणेल त्यावर नळाचं नशीब ठरणार नाही.

पैशांचा प्रश्न फार मोठा नाही. वर सांगितलेलं सगळं, बेसिन रिंच सोडून, हजार-दीड हजारात बसतं. समग्र शिक्षामधून शाळेला जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेच्या कामावर खर्च करायचा असतो. फिनेल आणि खराटे आपण त्यातून घेतोच. पुढच्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पान्याचा विषय ठेवा. अनुदान उशिरा येतं हे खरं, पण वीस पालकांनी प्रत्येकी पन्नास रुपये दिले तरी निम्म्याहून जास्त हत्यारं येतात.

आणि मुलांचं काय? इथे काही पालक नाराज होतील. "आम्ही पोरांना शिकायला पाठवतो, नळ खोलायला नाही." त्यांची भीती मला समजते. शाळेत कोणत्या मुलांना झाडू दिला जातो आणि कोणत्या मुलांना फळा पुसायला सांगतात, याचा आपल्याकडचा इतिहास चांगला नाही. म्हणून दोन गोष्टी पक्क्या हव्यात. चालू स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीला मुलांना कधीही लावायचं नाही. आणि शिकायचं असेल तर सगळ्या वर्गाने शिकायचं, नेमलेल्या चौघांनी नाही.

त्यासाठी एक सोपा उपाय आहे, कोरडा नळ. दोन फुटांची जाड फळी घ्या, तिच्यावर क्लॅम्पने अर्ध्या इंचाचा एल्बो पक्का बसवा. भंगारातून दोन जुने नळ आणा, घासून धुऊन घ्या. झालं शैक्षणिक साहित्य. पाणी नाही, घाण नाही, मोडलं तर नुकसान नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना दोघादोघांच्या जोडीने फळी द्या, एक एल्बो धरेल, दुसरा नळ काढेल. मग अदलाबदल. दिशा वहीत लिहायची नाही, हाताने शोधायची.

या फळीवर मोजमापाचा एक सुंदर धडा दडलाय. मुलांना सांगा, हा "अर्धा इंच" नळ आहे, आट्यांची बाहेरची जाडी पट्टीने मोजा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. मुलं मोजतात आणि येतात २१ मिलिमीटर! पुन्हा मोजतात, पुन्हा २१. मग भांडण सुरू होतं, पट्टी चुकीची की नाव चुकीचं? खरं कारण असं की हे नाव जुन्या लोखंडी पाईपच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. बाहेरची जाडी त्यात धरलेलीच नाही. नाव आणि माप वेगळं असू शकतं, हे दहा वर्षांच्या मुलाला कळणं मला लहान गोष्ट वाटत नाही. पुढे आटे मोजायला सांगा. एका इंचात १४ बसतात. नळावर तेवढी लांबी नसते, म्हणून मुलं अर्ध्या इंचात ७ मोजतात आणि दुप्पट करतात. मी सांगावं लागत नाही.

गळक्या नळाचं गणितही घ्या. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब. थेंबाचा आकार आपण गृहीत धरायचा नाही, मोजपात्र दहा मिनिटं नळाखाली ठेवायचं. समजा १०० मिलिलिटर जमलं, तर तासाला ६००, दिवसाला १४ लिटर ४०० मिलिलिटर. ज्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो तिथल्या मुलांना हे उदाहरण समजावून सांगायला लागत नाही.

हा विचार काही नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा हाताने काम करत शिकणं हाच तिचा कणा होता. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि माध्यमिक शाळांमध्ये मूलभूत तंत्रज्ञान नेलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकायचे असं लिहिलंय. आपण डी.एड. केलं तेव्हा कार्यानुभवाची वही होती. तिच्यात कागदाची फुलं, लोकरीचं तोरण आणि शंखशिंपल्यांचं घर होतं. फुलांना माझा विरोध नाही. पण कार्यानुभवात पाना का नव्हता, हा प्रश्न आपण विचारायला हवा. शनिवारचा एक तास यासाठी सहज निघेल.

एक निरीक्षण मात्र नोंदवते. फळी समोर ठेवली की पाना आधी मुलगेच उचलतात आणि मुली टेप गुंडाळायला बसतात. कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून पहिल्या फेरीत पाना मुलींच्या हातात द्या. ज्या स्वच्छतागृहाचं कुलूप त्यांच्या वाट्याला येतं, त्या नळाचं हत्यार त्यांना ओळखता यावं. आणि घरी जाऊन "बाबा, पाना उलटा धरलाय" असं एखादीने म्हटलं तर, पालकहो, रागावू नका.

हत्यारं आणल्यावर ती कुलुपाच्या कपाटात टाकू नका. भिंतीवर फळी लावून प्रत्येकाची बाह्यरेषा रंगाने काढा, म्हणजे कोणतं जागेवर नाही ते लांबूनच दिसतं. पावसाळ्यात पान्याच्या चाकाला तेलाचा थेंब द्या. बरणीत अर्धा इंची दहा वायसर आणि दोन टेप ठेवून द्या. जे संपेल ते त्याच आठवड्यात आणा.

आणि पाना विकत घ्यायच्या आधी एक काम करा. टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह शोधा, बंद करा आणि सगळे नळ उघडून पाणी खरंच थांबतं का ते बघा. बऱ्याच शाळांत तो वर्षानुवर्षं फिरवलेलाच नसतो, गंजून जाम झालेला असतो किंवा अर्धवट बंद होतो. तसं असेल तर पहिले पैसे त्या व्हॉल्व्हवर खर्च करा, आणि त्यासाठी मात्र प्लंबरच बोलवा.